जुनं, अनोळखी लष्करी काडतूस कसं ओळखावं: देश, काळ आणि काम

काडतुसाच्या बुडावरची मोहर, म्हणजे तिथे ठोकलेली अक्षरं आणि आकडे, पुंगळीबद्दल (दारू भरलेल्या नळकांड्याबद्दल) बोलते. आत कोणती गोळी बसवली आहे, ती कारखान्यातच बसवली की नंतर कुणी बदलली, याबद्दल ती फारसं काही सांगत नाही. ओळखीतल्या निम्म्याहून जास्त चुका इथेच होतात. मोहर वाचता आली की माणूस खूश होतो आणि पुढे बघायचंच थांबतो.

म्हणून सुरुवातीपासून तीन प्रश्न वेगळे ठेवावेत. हे कोणत्या जातीचं काडतूस आहे, हे मापं सांगतात. पुंगळी कुणी आणि कधी बनवली, हे बुडावरची मोहर सांगते. काडतूस कशासाठी होतं, हे गोळी, रंग आणि पुंगळीचं तोंड सांगतं. वहीत या तीन उत्तरांसाठी तीन रकाने आखावेत. एका रकान्यातल्या उत्तरावरून दुसरा रकाना भरायचा नाही.

हात लावण्याआधी

गोळीचा व्यास २० मिमी किंवा त्याहून मोठा असेल, टोकाला फ्यूज (स्फोट घडवणारी यंत्रणा) असेल, मागे पंख असतील किंवा वस्तू जमिनीतून निघालेली असेल, तर हात लावायचा नाही. लांबून एक फोटो काढावा, जागा लक्षात ठेवावी आणि पोलिसांना किंवा बॉम्बशोधक पथकाला कळवावं. वस्तू उचलून घरी आणून मग फोन करणारे लोक असतात; दुर्दैवाने अपघातांच्या बातम्यांतही तेच असतात.

लहान काडतूस निर्धोक असतं, असंही नाही. पहिल्या महायुद्धात झेपेलिन हवाई जहाजांविरुद्ध ब्रिटिशांनी .३०३ मध्ये खास गोळ्या वापरल्या, त्यांत स्फोटक पॉमेरॉय आणि फॉस्फरस भरलेली बकिंगहॅम होत्या. जर्मनांच्या ७.९२ मिमीमधल्या ‘बी’ काडतुसाच्या गोळीत आघाताने फुटणारी छोटी स्फोटक यंत्रणा असते. पांढरा फॉस्फरस हवेत सुमारे ३० अंश सेल्सियसला आपोआप पेटतो, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या गोळीचं टोपण गंजलं तर उन्हाळ्यातली खोली पुरेशी आहे.

गोळी ओढून काढणं, भोक पाडणं, पकडीत आवळणं, तापवणं, तारेच्या ब्रशने घासणं, यातलं काहीच करायचं नाही. ओळखीसाठी त्याची गरजही नसते, कारण लागणारी जवळपास सगळी माहिती बाहेरच असते. पितळेवरचा हिरवा थर नेहमीचा आहे, त्याने घाबरू नये. पण गोळी आणि पुंगळीच्या सांध्यातून पांढरा किंवा पिवळा खर निघालेला दिसला, तेलकट ओल दिसली किंवा धूर दिसला, तर काम तिथेच थांबवावं. वास घेऊन खात्री करायला जाऊ नये.

जिवंत काडतूस जवळ बाळगण्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत आणि ‘जुनं आहे’ ही सबब बहुतेक ठिकाणी चालत नाही. मालकीचा प्रश्न आधी सोडवावा, मोजमाप मग.

लागणारी साधनं

०.१ मिमीपर्यंत वाचणारा प्लास्टिक जबड्यांचा व्हर्नियर कॅलिपर पुरतो. पोलादी जबडे रंगावर ओरखडे काढतात. याशिवाय दहापट मोठं दाखवणारं भिंग, पेन्सिलच्या टोकाएवढा चुंबक, ०.१ ग्रॅमपर्यंत तोलणारा काटा, हातातला टॉर्च आणि फोमचा जाड तुकडा लागतो. काडतूस फोमवर आडवं ठेवावं. बुडावर उभं करू नये, प्राइमर (बुडाच्या मध्यभागी बसवलेली, आघाताने पेटणारी टोपी) कुठल्याही कठीण पृष्ठभागाला टेकता कामा नये.

ब्रासो किंवा तत्सम पॉलिशची बाटली या टेबलाजवळ आणूच नका. प्राइमरभोवतीची रंगीत लाखेची चकती आणि गोळीच्या टोकावरचा रंग हे कामाचे सर्वांत मोठे पुरावे असतात आणि पॉलिश ते एका मिनिटात पुसून टाकतं. चकाचक काडतूस कपाटात छान दिसतं, पण ओळखीच्या दृष्टीने ते अर्धं मेलेलं असतं.

पायरी १: मापं

कॅलिपर शून्यावर आहे का, ते आधी पाहावं. मग या क्रमाने मापं घ्यावीत: गोळीचा व्यास पुंगळीच्या तोंडाशी, मानेचा (गोळी धरणाऱ्या अरुंद भागाचा) व्यास, खांद्याचा (मान संपून पुंगळी रुंद होते तिथला) व्यास, बुडाचा व्यास खोबणीच्या किंवा कडेच्या किंचित वर, कडेचा व्यास, पुंगळीची लांबी बुडापासून तोंडापर्यंत आणि शेवटी पूर्ण लांबी. प्रत्येक माप काडतूस थोडं फिरवून तीनदा घ्यावं. गंजाचा फुगवटा असेल तर स्वच्छ जागा शोधावी.

लष्करी काडतुसाचं मेट्रिक नाव म्हणजे गोळीचा किंवा नळीचा ठोकळ व्यास गुणिले पुंगळीची लांबी. ७.९२×५७ म्हणजे ५७ मिमी लांबीची पुंगळी. शेवटी ‘आर’ असेल तर कड बुडाबाहेर आलेली, ‘एस आर’ म्हणजे अर्धवट बाहेर, ‘बी’ म्हणजे बुडाच्या वर पट्टा असलेली.

नवखे लोक गोळीच्या व्यासावरून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. .३०३ ची गोळी प्रत्यक्षात ७.९ मिमीच्या आसपास भरते आणि रशियन ७.६२×५४आर ची गोळीही तेवढीच. एकाच्या नावात ७.६२ आहे, दुसऱ्याला काही देश ७.७ म्हणतात. व्यासावरून त्यांच्यात फरक करता येत नाही. बूड आणि कड मोजली की गोंधळ संपतो:

.३०३ ब्रिटिश: कड १३.७, बूड ११.७, पुंगळी ५६.४ मिमी.
७.६२×५४आर: कड १४.४, बूड १२.४, पुंगळी ५३.७ मिमी.
७.९२×५७ माउझर: कड आणि बूड दोन्ही सुमारे ११.९५, पुंगळी ५७ मिमी.
.३०-०६ अमेरिकन: कड आणि बूड सुमारे १२.०, पुंगळी ६३.३ मिमी.
६.५×५५ स्वीडिश: कड आणि बूड सुमारे १२.२, पुंगळी ५५ मिमी.

यादीतल्या शेवटच्या तीन ओळींत बूड १२ च्या आसपासच घुटमळतं. माउझरच्या बुडाची जगभर नक्कल झाली, त्यामुळे तिथे पुंगळीची लांबी निर्णायक ठरते. ६.५×५५ चं बूड मात्र दोन-अडीच दशांशांनी जाड असतं आणि तेवढा फरक कॅलिपर सहज दाखवतो.

झाडलेली रिकामी पुंगळी असेल तर मापं जपून वापरावीत. गोळी सुटताना पुंगळी बंदुकीच्या कोठीत फुगते, खांदा पुढे सरकतो, मान रुंदावते. अशा वेळी कडेचा व्यास आणि कडेची जाडी यांवर सर्वांत जास्त भरवसा ठेवावा, कारण कड फुगत नाही.

मापं कुठल्याही यादीत बसत नसतील तर रणगाडाविरोधी रायफलींचा विचार करावा. ७.९२ मिमीची गोळी ९४ मिमीच्या अवाढव्य पुंगळीवर बसलेली दिसली तर ते जर्मन पांझरब्युक्स ३९ चं काडतूस. त्या गोळीत कठीण गाभ्यामागे अश्रुधुराची छोटी कुपीही असते. रणगाड्यात शिरल्यावर आतल्या सैनिकांना बाहेर काढावं हा हेतू. ९४ ऐवजी १०७ मिमी भरली तर पोलंडची १९३५ ची रायफल. १३.२×९२ अर्धकडेचं म्हणजे १९१८ ची जर्मन टी-गेवेर, पट्टा असलेलं १३.९×९९ म्हणजे ब्रिटिश बॉईज आणि १४.५×११४ म्हणजे सोव्हिएत.

पायरी २: बुडावरची मोहर

खोली अंधारी करून टॉर्च जवळजवळ आडवा धरावा, काडतूस हळूहळू फिरवावं आणि प्रत्येक पाव फेरीला एक फोटो काढावा. एका कोनात न दिसणारं अक्षर दुसऱ्या कोनात सावलीमुळे उठून येतं. कागद ठेवून पेन्सिल घासण्याची युक्ती नाण्यांसाठी ठीक आहे. जिवंत प्राइमरवर दाब द्यायचा नाही, म्हणून इथे ती वापरायची नाही. मोहर वहीत उतरवताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे जागा लिहाव्यात: १२ ला काय, ३ ला काय, ६ ला काय, ९ ला काय. अक्षरांइतकाच त्यांच्या मांडणीवरूनही देश कळतो.

जर्मन. चार जागा, चार गोष्टी: कारखाना, पुंगळीचा धातू, लॉट क्रमांक आणि वर्ष. सुरुवातीला कारखान्यासाठी ‘पी’ आणि आकडा असे, नंतर लहान लिपीतली अक्षरं आली. ‘ए यू एक्स’ म्हणजे माग्डेबुर्गचा पोल्टे कारखाना, ‘डी एन एच’ म्हणजे डुर्लाखचा. धातूच्या जागी ‘एस’ आणि तारा असेल तर ७२ टक्के तांब्याचं पितळ, ‘एस टी’ असेल तर पोलाद. पहिल्या महायुद्धातल्या पुंगळ्यांवर ‘एस ६७’ दिसतं. ते वर्ष समजून ‘१९६७ चं जर्मन काडतूस’ म्हणणारे बरेच भेटतात. ते ६७ म्हणजे पितळेतलं तांब्याचं प्रमाण.

ब्रिटिश. कारखान्याचं अक्षर, वर्षाचे शेवटचे दोन आकडे आणि मार्क क्रमांक. सरकारी मालाची खूण म्हणजे वर टोक असलेला बाण. वूलिचच्या रॉयल लॅबोरेटरीच्या ‘आर’ आणि ‘एल’ या अक्षरांमध्ये तो असतो, खडकीच्या कारखान्याच्या ‘के’ आणि ‘एफ’ मध्येही. मार्क क्रमांक (त्या काडतुसाची आवृत्ती) साधारण १९४४ पर्यंत रोमन, त्यानंतर इंग्रजी आकड्यांत. मार्कजवळचं अक्षर काम सांगतं: ‘बी’ आग लावणारी, ‘जी’ ट्रेसर (मागे उजेडाची रेघ सोडणारी), ‘डब्ल्यू’ चिलखतभेदी, ‘क्यू’ चाचणीची, ‘एल’ कोरं (गोळी नसलेलं, फक्त आवाजाचं), ‘एच’ ग्रेनेड फेकण्यासाठी, ‘डी’ कवायतीचं (न उडणारं). आकड्यानंतर ‘झेड’ असेल तर आत कॉर्डाइट या प्रकारच्या दारूऐवजी नायट्रोसेल्युलोज दारू आहे. मोहरच गोळीचं काम सांगते अशी ही दुर्मीळ पद्धत आहे, त्यामुळे ब्रिटिश काडतूस सर्वांत आधी सुटतं.

अमेरिकन. कारखान्याची अक्षरं आणि वर्ष: ‘एफ ए’ फ्रँकफर्ड, ‘एल सी’ लेक सिटी, ‘एस एल’ सेंट लुइस, ‘डी एम’ डे मॉइन, ‘टी डब्ल्यू’ ट्विन सिटीज. वर्षाच्या जागी नुसता ‘४’ असेल तर ते १९४४. एकोणिसाव्या शतकातल्या .४५-७० वर ‘आर एफ ३ ८२’ असं दिसलं तर वाचावं: रायफलसाठी, फ्रँकफर्ड, मार्च १८८२. ‘आर’ ऐवजी ‘सी’ असेल तर कार्बाइनसाठी. ही पद्धत १८७७ पासूनची. त्याआधीच्या आणि त्या काळातल्या काही पुंगळ्यांत प्राइमर आतल्या बाजूने बसवलेला असतो. बाहेरून बूड सपाट दिसतं आणि रिमफायर (वेगळा प्राइमर नसलेलं, कडेवर आघात करून उडणारं) वाटतं. फरक कळतो तो बुडाच्या किंचित वर, पुंगळीच्या अंगावर दाबलेल्या खाचांवरून.

सोव्हिएत. वर कारखान्याचा क्रमांक, खाली वर्ष. १८८ म्हणजे नोवोसिबिर्स्क, १७ म्हणजे बर्नाउल, ६० म्हणजे फ्रुंझे. १९५२ ते १९५६ या पाच वर्षांत आकड्याऐवजी सिरिलिक अक्षरं होती, अनुक्रमे गे, दे, ये, इ आणि का. वर्षच नाही असं समजून काडतूस बाजूला ठेवू नये.

जपानी लष्कराच्या ६.५ आणि ७.७ मिमी रायफल काडतुसांच्या बुडावर सहसा काहीच नसतं. कोरं बूड म्हणजे गुप्त माल, असा अर्थ लगेच काढू नये.

वर्ष वाचताना

आकडा कोणत्या पंचांगाचा आहे, हे आधी ठरवावं. इराणी काडतुसावरच्या सौर हिजरी वर्षात ६२१ मिळवायचे. थायलंडच्या बौद्ध सनातून ५४३ वजा करायचे. चिनी प्रजासत्ताकाच्या वर्षात १९११ मिळवायचे, त्यामुळे राष्ट्रवादी चीनच्या ७.९२ वर ‘२६’ असेल तर ते १९३७. ऑटोमन तुर्की पुंगळ्यांवर अरबी लिपीतलं रूमी वर्ष असतं, त्यात ५८४ मिळवले की इसवी सन येतं. तुर्कीने १९२८ मध्ये लिपी बदलली, म्हणून अरबी अक्षरांची तुर्की पुंगळी त्याआधीची. इस्रायली मोहर हिब्रूत असते. वर्तुळातलं अधिक चिन्ह म्हणजे नाटो प्रमाणित. ते दिसलं की माल १९५० च्या दशकाच्या आधीचा असू शकत नाही.

पायरी ३: धातू आणि चुंबक

चुंबक आधी पुंगळीला, मग गोळीच्या मधल्या भागाला, शेवटी टोकाला लावावा. तिन्ही नोंदी वेगळ्या. लॅकर लावलेली पोलादी पुंगळी राखाडी, हिरवट किंवा तपकिरी दिसते. जर्मन आणि पूर्व युरोपीय माल असा असतो. अमेरिकेत इव्हान्सव्हिल क्रायस्लरने .४५ च्या पोलादी पुंगळ्या बनवल्या, त्यांच्यावर ‘ई सी’ असतं.

गोळीला चुंबक चिकटला म्हणजे चिलखतभेदी, हा निष्कर्ष सगळ्यांत लोकप्रिय आणि सगळ्यांत चुकीचा. साध्या गोळीचं आवरणही अनेकदा तांब्याचा पातळ मुलामा दिलेल्या पोलादाचं असतं. शिशाची टंचाई असलेल्या जर्मनीने मऊ लोखंडी गाभ्याची ‘एस एम ई’ गोळी साधी गोळी म्हणून वापरली. ती चुंबकाला चिकटते, चिलखत भेदत नाही. खरी चिलखतभेदी ‘एस एम के’ वेगळी. या दोघींना वेगळं करतो तो रंग.

पायरी ४: रंग

रंग तीन ठिकाणी शोधावा: गोळीच्या टोकावर, पुंगळीच्या तोंडाशी आणि प्राइमरभोवतीच्या चकतीत. शंभर वर्षांच्या हाताळणीत टोकावरचा रंग जातो, प्राइमरभोवतीच्या खाचेत मात्र लाखेचा एखादा कण उरतो. तो भिंगाखाली, दिवसाच्या उजेडात पाहावा. पिवळ्या दिव्याखाली जांभळा काळा दिसतो आणि निळा हिरवा.

रंगाचा जागतिक तक्ता अस्तित्वात नाही. एकट्या हिरव्याचं उदाहरण घ्या. सोव्हिएत गोळीचं टोक हिरवं असेल तर ट्रेसर. ब्रिटिश .३०३ च्या प्राइमरभोवती हिरवं असेल तर चिलखतभेदी. जर्मन ७.९२ च्या प्राइमरभोवती हिरवं असेल तर साधी जड गोळी. नाटोच्या ५.५६ मिमीवर हिरवं टोक म्हणजे पोलादी टोकाचा गाभा असलेली नेहमीची गोळी. अमेरिकन .३० वर हिरवं टोक आणि त्याखाली पांढरी कडी असेल तर सरावाची ठिसूळ गोळी. देश ठरल्याशिवाय रंग वाचायचा नाही, एवढंच यातून घ्यायचं.

देशवार नेहमी लागणारे रंग असे. ब्रिटिश प्राइमरभोवती जांभळा साधी, लाल ट्रेसर, निळा आग लावणारी, हिरवा चिलखतभेदी, काळा निरीक्षणाची (आदळल्याची जागा दिसावी अशी), पिवळा चाचणीची. जर्मन प्राइमरभोवती हिरवा जड साधी, निळा लोखंडी गाभ्याची, लाल चिलखतभेदी. लाल चकतीसोबत गोळीचं टोक काळं असेल तर चिलखतभेदी ट्रेसर. अमेरिकन टोकावर काळा चिलखतभेदी, लाल किंवा नारिंगी ट्रेसर, फिकट निळा आग लावणारी, चंदेरी चिलखतभेदी आणि आग लावणारी एकत्र. सोव्हिएत टोकावर काळा आणि त्याखाली लाल म्हणजे चिलखतभेदी-आग लावणारी, पिवळा जड गोळी, चंदेरी हलकी पोलादी गाभ्याची. अमेरिकन चंदेरी आणि सोव्हिएत चंदेरी यांच्यात किती अंतर आहे ते पाहा. जपानी लष्करी काडतुसात रंगीत पट्टा पुंगळीच्या तोंडाशी असतो: गुलाबी साधी, काळा चिलखतभेदी, हिरवा ट्रेसर.

पायरी ५: आकारावरून काम

रंग आणि मोहर दोन्ही गेलेली असतील तरी आकार बरंच सांगतो.

तोंड फुलाच्या पाकळ्यांसारखं आत दुमडलेलं आणि गोळीच नाही, तर ते कोरं किंवा ग्रेनेड फेकण्याचं. दोन्ही सारखी दिसतात, पण ग्रेनेडच्या काडतुसात दारू जास्त आणि वेगळी असते, म्हणून एकाच जातीची दोन काडतुसं हाताशी असतील तर वजनातला फरक पाहावा. ब्रिटिशांनी ग्रेनेडच्या काडतुसाचा काही भाग काळा करून फरक दाखवला.

लाकडी गोळी, बहुधा लालसर किंवा जांभळट रंगवलेली, म्हणजे सरावाचं कोरं काडतूस. जर्मन, स्वीडिश आणि इतरही सैन्यांनी ती वापरली. १९४४ मध्ये नॉर्मंडीत अशी काडतुसं सापडल्यावर ‘जखम चिघळावी म्हणून जर्मन लाकडी गोळ्या झाडतात’ अशी वदंता पसरली आणि ती आजही मरत नाही. लाकूड पोकळ असतं आणि नळीच्या तोंडाशीच त्याचा चुरा होतो. जवळून मात्र तो चुरा इजा करतो.

पुंगळीच्या अंगावर उभ्या खाचा किंवा आरपार भोकं असतील, प्राइमरच्या जागी रबर किंवा रिकामी खळगी असेल, तर कवायतीचं. पुंगळीला कथलाचा चंदेरी मुलामा असलेलं अमेरिकन .३० किंवा .४५ हे उच्च दाबाच्या चाचणीचं असू शकतं. बंदुकीची नळी टिकते का हे पाहण्यासाठी त्यात मुद्दाम जास्त दाब निर्माण करतात. ‘चंदेरी म्हणजे कवायतीचं’ ही समजूत त्यामुळे धोक्याची.

जाड .५० ची गोळी पण पुंगळी फक्त ७७ मिमी, तर ते मशीनगनचं नाही. अमेरिकन १०६ मिमी रिकॉइललेस (मागे धक्का न देणाऱ्या) तोफेवर बसवलेल्या नेम-रायफलचं ते काडतूस. गोळी आदळून धूर निघाला की नेम बरोबर, मग मुख्य तोफ झाडायची.

बंदुकीत न जाणारी काडतुसंही याच पेटाऱ्यांत मिसळलेली असतात. शॉटगनसारखं दिसणारं पण छर्रे नसलेलं मोठं काडतूस कॉफमन स्टार्टरचं असू शकतं. १९३० आणि ४० च्या दशकांत विमानाचं इंजिन सुरू करायला ते वापरत. २६.५ मिमी किंवा १ इंची रुंद, आखूड काडतुसं सिग्नल पिस्तुलाची. त्यांच्या कडेवर कधी पूर्ण, कधी अर्धे दाते कोरलेले असतात, म्हणजे अंधारात बोटाने चाचपून रंग कळावा. पुंगळीच नाही आणि गोळीच्या बुडात कलती भोकं आहेत, तर १९६० च्या दशकातलं जायरोजेट, खरं म्हणजे छोटं रॉकेट. पुंगळीतून बाजूला खिळा डोकावतो आहे, तर पिनफायर. फ्रेंच नौदलाने १८५८ चं १२ मिमी रिव्हॉल्व्हर त्यावरच चालवलं. पत्र्याची गुंडाळी आणि लोखंडी बूड असेल तर १८६० च्या दशकातलं स्नायडर किंवा त्यानंतरचं मार्टिनी-हेन्री.

मोठे तोफगोळे

इथे फक्त रिकाम्या पुंगळ्यांबद्दल आणि लांबून घेतलेल्या फोटोंबद्दल बोलू. पहिल्या महायुद्धातल्या पितळी पुंगळ्या फुलदाण्या होऊन घराघरांत पोचल्या. बुडावर ‘७५ डी ई सी’ असेल तर फ्रेंच ७५ मिमी मैदानी तोफ, ‘१८ पी आर’ असेल तर ब्रिटिश १८ पौंडी.

३७ मिमी हा आकार जगभर वारंवार का भेटतो, याचं उत्तर कायद्यात आहे. १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्याने ४०० ग्रॅमपेक्षा हलक्या स्फोटक गोळ्यांवर बंदी घातली. त्या मर्यादेच्या थोडं वर बसणारा सर्वांत लहान सोयीचा तोफगोळा म्हणजे ३७ मिमी.

गोळ्याभोवतीचा तांब्याचा पट्टा फोटोत मोठा करून पाहावा. गुळगुळीत असेल तर गोळा झाडलेला नाही. त्यावर तिरप्या, समान अंतराच्या खाचा असतील तर तो नळीतून गेला आहे, फ्यूज सज्ज झालेला असू शकतो आणि तो फुटायचा राहिला आहे. याहून धोकादायक स्थिती नाही. त्या काळच्या अनेक गोळ्यांत पिक्रिक आम्ल भरलेलं असे. धातूशी वर्षानुवर्षं संपर्क आला की त्याचे अतिसंवेदनशील क्षार तयार होतात. जर्मन रासायनिक गोळ्यांवर हिरवा, पिवळा किंवा निळा क्रॉस रंगवलेला असे, पण जमिनीतून निघालेल्या गोळ्यावर रंग राहत नाही. रंग दिसत नाही म्हणून वायू नाही, असं कधीच धरू नये.

बनावट, जोडलेलं आणि मुद्दाम बिघडवलेलं

दुर्मीळ गोळीला किंमत आली की साध्या गोळीला रंग लागतो. जुना लॅकर भिंगाखाली बारीक तडकलेला, कडेला विरलेला दिसतो. नवा रंग गोळीवरच्या जुन्या ओरखड्यांमध्ये उतरलेला दिसतो. ओरखडा रंगाखाली असेल तर रंग नंतरचा. पुंगळीचं तोंड आणि गोळी यांच्यातला मूळ सांधा लाखेने बंद केलेला असतो किंवा दाबून बसवलेला. तिथे चिमट्याच्या खुणा असतील तर गोळी बदललेली आहे. मोहर सांगते एक आणि पुंगळीची लांबी दुसरं, असं झालं तर पुंगळी कापून नव्याने घडवली आहे. ७.९२×५७ कापून ७.९२×३३ बनवल्याची उदाहरणं सापडतात.

पेटी आणि क्लिप हे साक्षीदार आहेत, पण कच्चे. पेटीवरचं लेबल वाचावं, नोंदवावं, आणि आतल्या प्रत्येक काडतुसाशी ताडून पाहावं.

व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या एका गुप्त मोहिमेत ७.६२×३९ ची काडतुसं मुद्दाम स्फोटक भरून शत्रूच्या साठ्यात मिसळली जात, झाडल्यावर रायफल फुटावी म्हणून. बाहेरून ती इतरांसारखीच. जुनं लष्करी काडतूस कुठल्याही बंदुकीत घालू नये, याला एवढं एक कारण पुरेसं आहे.

एक काडतूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा टेबलावर एक काडतूस आहे. टोक हिरवं, त्याखाली पांढरी कडी. बुडावर दोन अक्षरं आणि एकटा ‘४’.

मापं: कड आणि बूड १२.०, पुंगळी ६३.३ मिमी. पहिला रकाना: .३०-०६.

मोहर: अमेरिकन मांडणी, एकटा ४. दुसरा रकाना: पुंगळी अमेरिकन, १९४४. कारखाना अक्षरांवरून.

चुंबक: पुंगळीला चिकटत नाही, म्हणजे पितळ. गोळीला चिकटत नाही, मधेही नाही आणि टोकालाही नाही. गोळीचा पृष्ठभाग भिंगाखाली धातूचा वाटतच नाही, मंद आणि गडद दिसतो. पूर्ण काडतूस त्याच जातीच्या साध्या काडतुसापेक्षा स्पष्ट हलकं भरतं.

सोव्हिएत तक्ता समोर ठेवणारा इथे ‘ट्रेसर’ लिहून मोकळा होईल. पण अमेरिकन ट्रेसरचं टोक लाल किंवा नारिंगी असतं, आणि हलकी, धातूचं आवरण नसलेली गोळी ट्रेसर असूच शकत नाही. शिशाची पूड आणि बेकलाइट एकत्र दाबून बनवलेली ही एम २२ ठिसूळ गोळी, वजन सुमारे ७ ग्रॅम. साध्या एम २ गोळीचं सुमारे ९.८ ग्रॅम. विमानातल्या तोफचींना सरावासाठी चिलखती पत्रे लावलेल्या आरपी-६३ विमानावर ती झाडायला देत. गोळी पत्र्यावर आदळून भुगा होई आणि नेम लागल्याचा दिवा विमानात लागे.

वहीतली नोंद अशी: ‘.३०-०६, पुंगळी अमेरिकन १९४४, गोळी एम २२ ठिसूळ, हवाई नेमबाजीचा सराव. रंग मूळचा, ओरखडे रंगाच्या वर. सांध्यावर चिमट्याच्या खुणा नाहीत. जिवंत, प्राइमर अखंड.’ सोबत पाच फोटो: बाजूने मिमी पट्टीसह, बूड, टोक, सांधा आणि प्राइमरभोवतीची चकती.